हिरा घेताना सोन्याचं गणित विसरा

लग्नसराईत सराफाकडे जाऊन आलेल्या बऱ्याच घरांत सध्या एकच प्रश्न घोळतोय. एका पेढीत एक कॅरेट हिऱ्याची अंगठी चार-पाच लाखांना सांगतात. चार दुकानं पुढे गेलं की तशीच अंगठी, तेवढाच खडा, सोबत तसंच सर्टिफिकेट, आणि किंमत पन्नास-साठ हजार. तो दुकानदारही छातीठोकपणे सांगतो की हिरा शंभर टक्के खरा आहे. मग पहिला लुबाडतोय की दुसरा फसवतोय?

दोघंही खरं बोलत असू शकतात. पहिला हिरा खाणीतून निघालेला, दुसरा प्रयोगशाळेत वाढवलेला. या दुसऱ्याला बाजारात ‘लॅबग्रोन’ म्हणतात. जून २०२३ मध्ये पंतप्रधान मोदींनी अमेरिकेच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जिल बायडेन यांना असाच साडेसात कॅरेटचा हिरा भेट दिला आणि हा शब्द बातम्यांत आला. आता मुंबई-पुण्याबाहेरच्या शहरांतही त्याच्या पाट्या दिसतात. जाहिराती भरपूर पोचल्या आहेत, माहिती मात्र तितकी पोचलेली नाही.

त्यात आपल्याकडे एक जादा अडचण आहे. मराठी घरात दागिना म्हणजे मुळात सोनं, आणि सोन्याचा हिशेब आपल्याला तोंडपाठ असतो. वजन गुणिले आजचा भाव, अधिक घडणावळ. मोडायला नेलं तर घट वजा जाऊन पैसे हातात. अडीनडीला सोनं कामी येतं, हे आपण पिढ्यान्पिढ्या पाहिलंय. हाच हिशेब आपण नकळत हिऱ्याला लावतो आणि तिथेच नुकसान होतं.

## हिरा म्हणजे नेमकं काय

पेन्सिलीतलं ग्रॅफाइट ज्या कार्बनचं, त्याच कार्बनचा हिरा. फरक फक्त अणूंच्या मांडणीचा. हिऱ्यात प्रत्येक अणू शेजारच्या चार अणूंना घट्ट धरून असतो आणि ही जाळी सगळ्या दिशांनी सारखी पसरलेली असते. जमिनीखाली साधारण दीडशे ते दोनशे किलोमीटरवर, प्रचंड दाबाखाली आणि उष्णतेत ही मांडणी तयार होते. आज दागिन्यांत दिसणारे खाणीतले बहुतेक हिरे शंभर कोटी वर्षांहून जुने आहेत. पुढे कधीतरी ज्वालामुखीसारख्या उद्रेकांतून ते वर आले आणि किंबर्लाइट नावाच्या खडकात अडकून राहिले.

अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला मिळणारे जवळपास सगळे हिरे आपल्या देशातून जात. गोवळकोंड्याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या खाणी कृष्णेच्या खोऱ्यात होत्या. आज देशात मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या खाणीवाचून सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. पण जगातल्या दहापैकी साधारण नऊ हिऱ्यांना पैलू पाडले जातात ते सुरतेत. मोठे व्यवहार होतात ते मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात हिरे जडवलेले दागिने तयार होऊन परदेशी जातात.

ऐरणीवर ठेवून घण घातला तरी खरा हिरा फुटत नाही, ही आपल्याकडची फार जुनी समजूत. ती चुकीची आहे. हिऱ्यावर ओरखडा फक्त हिऱ्यानेच पडतो, हे खरं. पण ओरखडा न पडणं वेगळं आणि घाव सोसणं वेगळं. हिऱ्याच्या स्फटिकात चार दिशा अशा असतात की त्यांपैकी एकीवर नेमका फटका बसला तर खडा सरळ दुभंगतो. म्हणून टोकदार आकाराचा, म्हणजे पानासारखा किंवा थेंबासारखा हिरा घेतलात, तर त्याचं टोक सोन्याच्या नखीखाली झाकलेलं आहे ना, हे आधी बघा.

## वजन, घाट, रंग, स्वच्छता

हिऱ्याची प्रत चार गोष्टींवर ठरते. ही पद्धत रुळवली जीआयए या अमेरिकन संस्थेने, जी १९३१ मध्ये स्थापन झाली. दुकानात या चारही गोष्टींवर भरपूर ऐकायला मिळतं, पण ग्राहकाच्या दृष्टीने चारही सारख्या महत्त्वाच्या नाहीत.

आधी वजन. सोन्याचं कॅरेट शुद्धता सांगतं, हिऱ्याचं कॅरेट वजन सांगतं. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, आणि त्याचे शंभर भाग म्हणजे शंभर सेंट. ‘तीस सेंटचा खडा’ म्हणजे ०.३० कॅरेट. इथवर सोपं आहे. गोंधळ होतो तो भावात. मासळीबाजारात मोठ्या पापलेटाचा किलोचा भाव छोट्या पापलेटांच्या किलोच्या भावापेक्षा चढा असतो, तसंच इथेही आहे. खडा मोठा होत गेला की दर कॅरेटचा भावच वाढतो. त्यामुळे एक कॅरेटचा एक हिरा अर्ध्या कॅरेटच्या दोन हिऱ्यांपेक्षा कितीतरी महाग पडतो.

त्यातही अर्धा, पाऊण, एक असे गोल आकडे आले की भाव एकदम उडी घेतो. इथे ग्राहकाचा सरळ फायदा आहे. ९२ सेंटचा आणि १०० सेंटचा हिरा बोटात घातल्यावर वेगळे ओळखू येत नाहीत, पण किमतीतला फरक चांगलाच ओळखू येतो. शिवाय वजन दुप्पट झालं म्हणून खडा दुप्पट मोठा दिसत नाही. नीट पैलू पाडलेला अर्ध्या कॅरेटचा गोल हिरा साधारण ५.१ ते ५.२ मिलिमीटर रुंद असतो, आणि एक कॅरेटचा ६.४ ते ६.५. वजन दुप्पट, भाव दुपटीच्या कितीतरी पुढे, आणि रुंदी वाढली सव्वा मिलिमीटर. दुकानात सेंट विचारता तसे मिलिमीटरही विचारा.

दुसरी गोष्ट घाट, म्हणजे कट. मला सगळ्यांत महत्त्वाची ही वाटते, आणि काउंटरवर सगळ्यांत कमी बोललं जातं ते हिच्याबद्दलच. रंग आणि स्वच्छता निसर्ग किंवा यंत्र ठरवतं, घाट कारागीर ठरवतो. गोल हिऱ्याला सहसा ५७ किंवा ५८ पैलू असतात. ते योग्य कोनात असतील तर वरून शिरलेला उजेड आत दोनदा परतून पुन्हा वरूनच बाहेर येतो आणि डोळ्यांपर्यंत पोचतो. कोन चुकले की उजेड खालून किंवा बाजूने निसटतो आणि खडा निस्तेज वाटतो. हे कोन कसे असावेत याचं गणित मार्सेल टोलकोव्स्की यांनी १९१९ मध्ये मांडलं आणि आजचा गोल हिरा त्याच पायावर उभा आहे.

आता कारागिराची अडचण बघा. योग्य कोनासाठी कच्च्या खड्याचं निम्म्याहून अधिक वजन अनेकदा घासून टाकावं लागतं, आणि बाजारात भाव तर वजनावर मिळतो. मग खड्याचं पोट जाड ठेवून वजन वाचवण्याचा मोह होतो. असा हिरा काट्यावर एक कॅरेट भरतो, पण समोरून ऐंशी-पंच्याऐंशी सेंटएवढाच दिसतो आणि चमकतोही कमी. ग्राहक न दिसणाऱ्या पोटाचे पैसे देतो. गोल हिऱ्याच्या सर्टिफिकेटवर कटची श्रेणी लिहिलेली असते. तिथे ‘एक्सलंट’ किंवा फार तर ‘व्हेरी गुड’ असावं. पैसे कमी पडत असतील तर वजन कमी करा, रंग एक-दोन पायऱ्या उतरवा, पण घाटात तडजोड करू नका.

रंगाची श्रेणी डी या अक्षरापासून झेडपर्यंत जाते. डी म्हणजे अजिबात छटा नसलेला, पुढे पुढे पिवळसर. जी-एचपर्यंतची छटा सोन्यात जडवल्यावर बहुतेकांना कळतही नाही, आणि पिवळ्या सोन्यात आय-जेसुद्धा खुलून दिसतो.

स्वच्छता म्हणजे आतल्या बारीक खुणा किती आणि कुठे. त्या दहापट भिंगाखाली तपासतात. आपल्याकडे ‘ई-एफ व्हीव्हीएस’ हा जणू मंत्रच झालाय. रंग ई-एफ, म्हणजे जवळपास सर्वोच्च, आणि स्वच्छता व्हीव्हीएस, म्हणजे भिंगातूनही मुश्किलीने दिसतील अशा खुणा. पण दागिना कोणी भिंगातून बघत नाही. त्याखालच्या व्हीएस श्रेणीतला हिरा नुसत्या डोळ्यांना तितकाच स्वच्छ दिसतो, आणि त्याच्याही खालच्या एसआय-१ मधलेही बरेच दिसतात. दोन-तीन सेंटच्या बारीक खड्यांसाठी व्हीव्हीएसचे जादा पैसे देणं मला अजिबात पटत नाही.

## लॅबग्रोन म्हणजे नकली नव्हे का?

नाही. तिथेही कार्बनच असतो, मांडणी तीच, कठीणपणा तोच, चमकही तीच. डिसेंबर १९५४ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉल यांनी हिरा बनवून दाखवला, म्हणजे ही विद्या सत्तर वर्षांची आहे. सुरुवातीचे हिरे बारीक होते आणि कापण्या-घासण्याच्या हत्यारांत जात. दागिन्याजोगे हिरे स्वस्तात आणि भरपूर व्हायला लागले ते गेल्या दहाएक वर्षांत.

पद्धती दोन. एकीत जमिनीखालचा दाब आणि उष्णता यंत्रात निर्माण करून वितळलेल्या धातूतून कार्बनचा हिरा वाढवतात. तिला एचपीएचटी म्हणतात. दुसरी सीव्हीडी, आपल्या देशात हीच जास्त चालते. तीत हिऱ्याची पातळ चकती बीज म्हणून बंद पेटीत ठेवतात, पेटीत मिथेन आणि हायड्रोजन सोडतात आणि मायक्रोवेव्हने ते वायू इतके तापवतात की मिथेनमधला कार्बन सुटा होऊन चकतीवर थरावर थर बसत जातो. काही आठवड्यांत पैलू पाडण्याजोगा खडा तयार. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या बीजांवरचं आयात शुल्क काढून टाकलं गेलं आणि संशोधनासाठी एका आयआयटीला पाच वर्षांचं अनुदान जाहीर झालं. ते आयआयटी मद्रासला मिळालं.

नकली म्हणायचं तर ते वेगळे खडे. ‘अमेरिकन डायमंड’ म्हणून विकला जातो तो क्यूबिक झिरकोनिया. त्यात कार्बन नावालाही नसतो, आणि काही वर्षांत त्याच्या कडा झिजून तो मंद होतो. मॉइसनाइट म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. तो खूप कठीण आणि हिऱ्याहूनही जास्त रंग उधळणारा. आपापल्या किमतीत दोन्ही चांगले, फक्त हिरा म्हणून विकले जाऊ नयेत. तसाच लॅबग्रोन नैसर्गिक म्हणून विकला जाऊ नये. हिऱ्याबाबत ग्राहकाच्या विश्वासासाठी केलेल्या २०१५ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार नुसतं ‘डायमंड’ म्हटलं तर तो नैसर्गिकच असायला हवा, आणि प्रयोगशाळेतला असेल तर तसं स्पष्ट सांगायला हवं.

## टेस्टर वाजला की झालं?

दुकानात पेनासारखं एक यंत्र खड्याला टेकवतात. ते वाजतं, दिवे चढतात, आणि ‘बघा, अस्सल’ म्हणून आपल्याला सांगतात. हिऱ्यातून उष्णता फार झपाट्याने वाहते आणि यंत्र मोजतं ते एवढंच. त्यामुळे अमेरिकन डायमंड लगेच पकडला जातो. पण साध्या टेस्टरला मॉइसनाइटही चकवतो, कारण त्यातूनही उष्णता चांगली वाहते. आणि लॅबग्रोन तर हिराच असल्यामुळे टेस्टर वाजणारच, वाजायलाच हवा. हिरा खाणीतला की प्रयोगशाळेतला, याबद्दल ते पेन काहीच सांगत नाही. नुसत्या डोळ्याने किंवा भिंगाने हे नक्की सांगणं चाळीस वर्षं पेढीवर बसलेल्या जवाहिऱ्यालाही जमत नाही.

मग ओळखतात कसं? नायट्रोजनवरून. खाणीतला हिरा वाढत असताना त्यात नायट्रोजनचे थोडे अणू शिरतात. सुरुवातीला ते विखुरलेले असतात. पण हिरा जमिनीखालच्या उष्णतेत कोट्यवधी वर्षं राहिला की ते हळूहळू सरकत जोड्यांनी आणि पुंजक्यांनी एकत्र येतात. नैसर्गिक हिऱ्यांपैकी पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक हिऱ्यांत असे पुंजके असतात. प्रयोगशाळेत काही आठवड्यांत वाढलेल्या खड्याला तेवढा वेळच मिळालेला नसतो. त्यात नायट्रोजन एक तर जवळपास नसतो, नाहीतर सुटासुटा असतो. खास यंत्रं अतिनील प्रकाशात हा फरक टिपतात. एखाद्या हिऱ्यात पुंजके दिसले नाहीत, तर तो लगेच लॅबग्रोन ठरत नाही, कारण नैसर्गिक हिऱ्यांतही मोजके असे असतात. तो पुढच्या तपासणीला जातो. तिथे वाढीच्या खुणा बघतात. सीव्हीडीत थरांच्या रेघा दिसतात, एचपीएचटीत वेगळी चौकट दिसते आणि कधी धातूचे कणही सापडतात.

ही तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत होते, आणि मोठ्या पेढ्यांकडेही अशी यंत्रं आता असतात. खरी जोखीम बारीक खड्यांत आहे. दोन सेंटच्या खड्याचं स्वतंत्र सर्टिफिकेट कोणाला परवडत नाही आणि बांगडीत असे शेकडो असतात. नैसर्गिकांच्या पुडीत लॅबग्रोन मिसळले जाण्याच्या तक्रारी व्यापाऱ्यांमध्येही आहेत. ‘बारीक खडे यंत्रातून तपासून घेतले आहेत का, आणि तसं बिलावर लिहून देता का?’ हा प्रश्न विचाराच.

## सर्टिफिकेट कसं वाचायचं

सर्टिफिकेट म्हणजे प्रयोगशाळेने खड्याचं केलेलं वर्णन. त्यावर किंमत नसते. कुठे किंमत छापलेलं कार्ड मिळालं, तर तो आकडा बाजारभाव समजू नका. आपल्याकडे आयजीआय आणि एसजीएल या प्रयोगशाळांची सर्टिफिकेटं जास्त दिसतात, मोठ्या सुट्या हिऱ्यांना जीआयएची. श्रेणी शेवटी माणूस ठरवतो, त्यामुळे एकाच हिऱ्याला दोन प्रयोगशाळा एखाद्या पायरीने वेगळी श्रेणी देऊ शकतात. दोन हिऱ्यांच्या किमती ताडून बघायच्या असतील तर दोन्हींना एकाच प्रयोगशाळेचं सर्टिफिकेट असलेलं बरं.

सर्टिफिकेट हाती आलं की सगळ्यांत आधी वर लिहिलेलं वाचा. नैसर्गिक की प्रयोगशाळेतला, ते तिथेच असतं. आयजीआयच्या लॅबग्रोन हिऱ्यांचा क्रमांक ‘एलजी’ने सुरू होतो. जीआयएने तर ऑक्टोबर २०२५ पासून लॅबग्रोन हिऱ्यांना रंग-स्वच्छतेची नैसर्गिकांची अक्षरं देणंच बंद केलं. आता ते फक्त ‘प्रीमियम’ किंवा ‘स्टँडर्ड’ एवढंच लिहितात. कारण सरळ आहे. यंत्रातून निघणारे बहुतेक खडे वरच्या श्रेणीतच बसू लागले, मग ती बारीक पायऱ्यांची शिडी त्यांच्यासाठी निरर्थक झाली. लॅबग्रोनमध्ये ‘व्हीव्हीएस आहे’ म्हणून कोणी जादा पैसे मागितले तर हे आठवा.

मग तो क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर स्वतःच्या फोनवरून टाका. हाच क्रमांक बऱ्याच हिऱ्यांच्या कडेवर लेसरने कोरलेला असतो. दुकानदाराकडून भिंग मागून घ्या आणि वाचा. मागायला संकोच नको, चांगला सराफ स्वतःहून दाखवतो. पण एवढ्यावर थांबू नका. दुसऱ्याच हिऱ्याचा क्रमांक लॅबग्रोनवर कोरल्याचे प्रकार प्रयोगशाळांच्या नजरेला आलेले आहेत. म्हणून सुटा खडा समोर असतानाच त्याचं वजन आणि मिलिमीटरमधली मापं दोन्ही सर्टिफिकेटशी दशांशापर्यंत जुळवा. एकदा खडा कोंदणात बसला की ही संधी गेली. जडवलेल्या हिऱ्याची श्रेणी प्रयोगशाळाही अंदाजानेच देते.

## हॉलमार्क आहे, मग काळजी कसली?

बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, हॉलमार्क सोन्याचा असतो. दागिन्यावर कोरलेला सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकला की सोन्याची शुद्धता कळते. हिऱ्याचे दागिने सहसा १८ कॅरेटमध्ये असतात, त्यावर ७५० आकडा असतो. १४ कॅरेटवर ५८५. हिऱ्याबद्दल हॉलमार्क एक अक्षरही बोलत नाही.

आणि बिल नीट बघा. समजा अंगठी काट्यावर ४.२० ग्रॅम भरली आणि तिच्यात अर्ध्या कॅरेटचे हिरे आहेत. अर्धा कॅरेट म्हणजे ०.१० ग्रॅम. तर सोनं झालं ४.१० ग्रॅम. बिलावर एकूण वजन, खड्यांचं वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन असे तीन आकडे वेगळे हवेत. सोन्याचा भाव निव्वळ वजनालाच लागला पाहिजे, आणि तोही १८ कॅरेटचा. अंगठीत हा फरक हजारभर रुपयांचा वाटेल. पण दहा कॅरेट हिऱ्यांच्या हारात दोन ग्रॅम वजन हिऱ्यांचं असतं, आणि ते सोन्याच्या भावाने मोजलं गेलं तर त्याच दोन ग्रॅमचे पैसे तुम्ही दोनदा देता. एकदा हिरा म्हणून, एकदा सोनं म्हणून.

घडणावळही वेगळी लिहून घ्या. ती सोन्यावर टक्क्यांनी लावली आहे की हिऱ्यासकट सगळ्यावर, हे विचारा. ‘घडणावळीवर पन्नास टक्के सूट’ अशी पाटी असेल तर सूट वजा जाऊन उरलेली रक्कम निव्वळ सोन्याच्या दर ग्रॅमला किती पडते ते काढा आणि शेजारच्या दुकानाशी ताडून बघा. शेवटी दागिन्यावर ३ टक्के जीएसटी.

## पण हिरा म्हणजे गुंतवणूक ना?

नाही. हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे.

सोन्याचा भाव रोज सकाळी वर्तमानपत्रात असतो, कारण एक ग्रॅम शुद्ध सोनं दुसऱ्या ग्रॅमसारखंच असतं. हिरे एकासारखे एक नसतात, म्हणून हिऱ्याला असा एक भाव नाही. सोनं वितळवून नवं करता येतं, हिरा वितळवता येत नाही. आणि तुम्ही हिरा विकायला नेता तेव्हा समोरच्या सराफाला त्याची निकड नसते. घाऊक व्यापारी त्याला उधारीवर हवा तसा माल देतो. मग तुमच्या खड्यासाठी तो किरकोळ दुकानातला भाव रोख का मोजेल?

हिरा कायमचा, त्याचं मोल कधी उतरत नाही, ही भावना आपोआप आलेली नाही. विसाव्या शतकात बराच काळ जगातल्या कच्च्या हिऱ्यांचा ऐंशी टक्क्यांहून अधिक व्यापार डी बिअर्स या एका कंपनीच्या हातात होता. माल किती सोडायचा ते तीच ठरवी. ‘हिरा कायमचा असतो’ अशा अर्थाचं तिचं प्रसिद्ध घोषवाक्य १९४७ मधलं. ती मक्तेदारी आता राहिलेली नाही. जगातल्या खाणींतून आजही वर्षाला दहा कोटी कॅरेटच्या आसपास कच्चा हिरा निघतो. त्यात मोठे, स्वच्छ खडे खरोखर दुर्मिळ आहेत. पण आपण अंगठीत घालतो ते दहा-वीस सेंटचे तसे नाहीत. २०२२ पासून नैसर्गिक हिऱ्यांचे भावही खाली आले आहेत, आणि सुरतेतल्या कारागिरांना त्याची झळ बसली आहे.

लॅबग्रोनची तर गोष्टच वेगळी. यंत्रं वाढली की माल वाढतो, माल वाढला की भाव पडतो. डी बिअर्सने २०१८ मध्ये स्वतःचा लॅबग्रोन ब्रँड काढला तेव्हा कॅरेटला ८०० डॉलर हा भाव लोकांना धक्कादायक स्वस्त वाटला होता. पुढे बाजार त्याच्याही खाली गेला, आणि मे २०२५ मध्ये कंपनीने तो ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. आज त्याच दर्जाचा लॅबग्रोन नैसर्गिकाच्या दहाव्या हिश्श्यात, कधी त्याहूनही कमी किमतीत मिळतो. आणखी दोन वर्षांनी तो याच भावाला राहील, अशी हमी कोणी देऊ शकत नाही.

‘पण आम्ही बायबॅक देतो,’ म्हणजे दागिना परत घेतो, असं दुकानदार म्हणेल. चांगली गोष्ट आहे, फक्त अटी वाचा. रोख मिळणार की बदली दागिनाच घ्यावा लागणार? टक्के तुम्ही भरलेल्या किमतीवर की त्या दिवशीच्या त्यांच्या भावावर? घडणावळ आणि जीएसटी तर जातातच. सर्टिफिकेट हरवलं तर? मूळ दुकान बंद झालं तर? तोंडी आश्वासन धरून बसू नका, बिलामागच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असेल तेवढंच खरं.

## खाणीतला हिरा रक्ताचा, लॅबग्रोन पर्यावरणाचा?

इतकं सोपं नाही. आफ्रिकेतल्या काही यादवी युद्धांना हिऱ्यांच्या पैशाने खतपाणी मिळालं, हे खरं आहे. त्यावर उपाय म्हणून २००३ मध्ये किंबर्ली प्रक्रिया सुरू झाली आणि कच्च्या हिऱ्यांच्या प्रत्येक खेपेसोबत सरकारी दाखला बंधनकारक झाला. पण तिची व्याख्या बंडखोर गटांनी विकलेल्या हिऱ्यांपुरतीच आहे. सरकारी फौजांनी खाणीवर अत्याचार केले तर ते तिच्यात बसत नाही, आणि ही मोठी त्रुटी आहे. दुसरीकडे बोट्सवानाने हिऱ्यांच्या उत्पन्नातून शाळा, दवाखाने, रस्ते उभे केले. त्या देशाच्या निर्यातीचा बहुतांश भाग हिऱ्यांचा आहे आणि मागणी घटली की तिथली घरं चालेनाशी होतात.

लॅबग्रोनसाठी डोंगर फोडावा लागत नाही, पण यंत्रं आठवडेच्या आठवडे अखंड चालतात आणि वीज खातात. आपल्या देशातली बहुतांश वीज अजून कोळशावर होते. कारखाना सौर किंवा पवन ऊर्जेवर चालत असेल तर त्याचा पुरावा मागा, नुसत्या हिरव्या पानाच्या चित्रावर जाऊ नका.

## मग घ्यायचा कोणता?

हौस असेल, रोज घालायला सुंदर दागिना हवा असेल, तर लॅबग्रोन घ्यायला मला काहीच हरकत दिसत नाही. आपण खरा हिराच घालतोय, हे मनात पक्कं ठेवा आणि दिलेले पैसे साडी किंवा फोनसारखे खर्ची पडले असं समजा. एक मात्र सांभाळा. हा माल कमी किमतीचा आहे, तेव्हा तीन-चार दुकानं फिरा. एकाच प्रतीच्या लॅबग्रोनच्या भावात दुकानागणिक मोठी तफावत असते.

जमिनीच्या पोटात कोट्यवधी वर्षं राहिलेली वस्तू अंगावर असावी, असं कुणाला वाटत असेल, तर तीही भावना खरी आहे आणि तिचं मोल ज्याने त्याने ठरवावं. अशांनी लहान खडा घ्यावा, पण घाट उत्तम घ्यावा. जी किंवा एच रंग, व्हीएस स्वच्छता, गोल आकड्याच्या थोडं अलीकडचं वजन, आणि स्वतंत्र सर्टिफिकेट. मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेली पुंजी मात्र यात घालू नये. साखरपुड्याला मोठा हिरा हवाच, असा आग्रह समोरून आला, तर कर्ज काढण्याआधी लॅबग्रोनचा पर्याय दोन्ही घरांनी मोकळेपणाने बोलावा. त्यात कमीपणा काही नाही.

ज्या घरात आजीच्या हिऱ्याच्या कुड्या किंवा नथ आहे, त्यांनी ती ‘जुन्या फॅशनची’ म्हणून घाईने मोडू नये. तेव्हाच्या पैलूंची पद्धत वेगळी होती. ते हिरे आजच्यासारखे लखलखत नाहीत, दिव्याच्या उजेडात त्यांची चमक निराळीच दिसते. पुन्हा पैलू पाडायला दिले तर वजन घटतं आणि जुना घाट कायमचा जातो. मागून बंद कोंदण असेल तर मळ साचून खडा काळवंडलेला दिसतो आणि सराफ त्यावरून भाव पाडून मागतो. आधी नीट साफ करून घ्या, प्रयोगशाळेकडून खडे तपासून घ्या, मग ठरवा. दुरुस्तीला द्यावी लागली तर कारागिराला आत हिरे असल्याचं स्पष्ट सांगा, कारण डाख देताना ज्योत थेट लागली तर हिऱ्याचा पृष्ठभाग जळून पांढुरका होतो. देण्याआधी भिंगातून फोटो काढून ठेवा आणि पावतीवर खड्यांची संख्या व अंदाजे वजन लिहून घ्या.

आणि खरेदीत फसवणूक झाली, नैसर्गिक म्हणून घेतलेला खडा लॅबग्रोन निघाला, तर आधी दुकानाला लेखी कळवा. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानंतर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. तिथे तुमच्या बाजूने बोलेल ते बिल. म्हणून बिलावर नुसतं ‘डायमंड रिंग’ चालणार नाही. हिरा नैसर्गिक की लॅबग्रोन, एकूण कॅरेट, रंग आणि स्वच्छतेची श्रेणी, सर्टिफिकेटचा क्रमांक, हे सगळं पैसे देण्याआधी लिहून घ्या.